मिलम: दुर्गम झालेलं गाव

उत्तराखंडमधल्या मुनस्यारीचे व्हिडिओ बघितलेत, तर एक शब्द हमखास कानावर पडतो: दुर्गम. 'भारताचं शेवटचं टोक', 'जगापासून तुटलेलं खोरं' वगैरे. मुनस्यारीहून वर मिलमपर्यंत चालत जाऊन आल्यापासून हा शब्द ऐकला की मला एकच प्रश्न पडतो. दुर्गम, पण कधीपासून?

आधी नकाशा समजून घेऊ. पिथौरागढ जिल्ह्यात मुनस्यारी साधारण २२०० मीटरवर आहे. समोर पंचाचुलीची पाच शिखरं. इथून गोरीगंगेच्या काठाने वर निघालं की लास्पा, रिलकोट, मर्तोली, बुर्फू, बिल्जू अशी गावं लागतात आणि शेवटी मिलम. उंची सुमारे ३४०० मीटर. गावाच्या वर मिलम हिमनदी, तिथेच गोरीगंगेचा उगम. पुढे ही नदी जौलजिबीला काली नदीला मिळते आणि कालीच्या पलीकडे नेपाळ. या सगळ्या वरच्या खोऱ्याला जोहार म्हणतात. मिलमच्या उत्तरेला ऊंटाधुरा, जयंती आणि कुंगरी बिंगरी या तीन खिंडी, तिन्ही ५००० मीटरच्या वर. त्या ओलांडल्या की तिबेट.

या तीन खिंडी शक्यतो एका दिवसात पार करायच्या असा रिवाज होता, कारण मधल्या पट्ट्यात जनावरांना चारा नाही. आणि जनावरं म्हणजे दोन-चार नव्हेत, शेळ्यामेंढ्यांचे कळपच्या कळप. प्रत्येकीच्या पाठीवर दोन्ही बाजूंना पिशव्या, त्यांत दहा-बारा किलो माल. जाताना धान्य, गूळ, कापड. येताना मीठ, लोकर आणि टाकणखार, म्हणजे सोनं सांधताना सोनार वापरतो तो.

हा व्यापार करणारे लोक स्वतःला शौका म्हणतात. सरकारी कागदांवर ते भोटिया. त्यांची आडनावं ऐकून मराठी माणसाला घरी आल्यासारखं वाटेल. मर्तोलीचे मर्तोलिया, बुर्फूचे बुर्फाल, टोलाचे टोलिया. आपल्या 'कर'सारखाच हिशेब.

त्यांचं वर्ष चढ-उताराचं होतं. उन्हाळ्यात मिलम-मर्तोलीला मुक्काम, तिथून तिबेटातल्या ग्यानिमासारख्या बाजारांत फेऱ्या. थंडीत खाली मुनस्यारी, तेजम. संक्रांतीला बागेश्वरच्या उत्तरायणी जत्रेत लोकर विकायची. तिबेटात प्रत्येक घराण्याचा ठरलेला भागीदार असे. त्याला 'मित्र' म्हणत. ही मैत्री बापाकडून मुलाकडे जायची. एक दगड फोडून अर्धा-अर्धा दोघांनी ठेवायचा आणि पुढच्या पिढीने ते तुकडे जुळवून ओळख पटवायची, अशीही पद्धत होती असं सांगतात. तेव्हाचं मिलम कुमाऊंतल्या मोठ्या गावांपैकी एक होतं. ज्या गावाला दोन्ही बाजूंनी रस्ता आहे ते टोक नसतं, ते नाकं असतं.

म्हणूनच एकोणिसाव्या शतकात इंग्रजांना मिलमची गरज पडली. तिबेट परक्यांना बंद होता आणि तिथल्या नकाशावर मोठी कोरी जागा होती. शौकांना मात्र तिबेटी भाषा येत होती आणि वाटा पायाखालच्या होत्या. सर्वेक्षण खात्याने मिलमचे शाळामास्तर नैनसिंह रावत (जन्म १८३०) यांना देहरादूनला प्रशिक्षण दिलं. समान लांबीचं पाऊल टाकायला शिकवलं. साधारण २००० पावलं म्हणजे एक मैल. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी. दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा, माळ संपली की दहा हजार पावलं. प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी नोंदींचे कागद. १८६५ मध्ये निघून, नेपाळमार्गे, जानेवारी १८६६ मध्ये ते ल्हासाला पोचले. त्या शहराची उंची आणि जागा नकाशावर आली ती या माणसाच्या पावलांनी. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं. २०१७ मध्ये गुगलने त्यांच्यावर डूडल केलं होतं, काहींना आठवत असेल.

नकाशा पूर्ण झाला की त्यावर रेषा येतात, आणि रेषांवर पहारे. १९५० नंतर तिबेटात चीनची सत्ता आली. १९५४ च्या भारत-चीन करारात व्यापारी आणि यात्रेकरूंसाठी सहा खिंडींची नावं होती. कुंगरी बिंगरी त्यातली एक. कराराची मुदत आठ वर्षं. जून १९६२ मध्ये ती संपली, नवा करार झाला नाही. ऑक्टोबरमध्ये युद्ध झालं.

इतिहासाच्या पुस्तकात १९६२ म्हणजे सैन्याची गोष्ट. जोहारमध्ये ती घरखर्चाची गोष्ट आहे. जनावरं होती, पण न्यायचं कुठे? मित्र होता, पण त्याच्याकडे जायचं कसं? काहींची तिबेटात येणी राहिली. कळप विकले गेले, वर जाणारी कुटुंबं कमी होत गेली. १९६७ मध्ये भोटियांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. मुलं शिकली, सरकारी नोकऱ्यांत मोठ्या हुद्द्यांवर पोचली. समाज बुडाला नाही. त्याचं गाव मात्र ओस पडलं. पुढे १९९२ मध्ये लिपुलेखची खिंड व्यापाराला पुन्हा उघडली. कुंगरी बिंगरी उघडली नाही.

आज मिलमला गेलात तर आयटीबीपीच्या चौकीवर कागद दाखवावे लागतात. गावात छप्पर गेलेल्या दगडी भिंतींची रांगच्या रांग आहे. काही दारांच्या चौकटींवरचं कोरीवकाम अजून शाबूत आहे. उन्हाळ्यात थोडी कुटुंबं येतात, बटाटा लावतात आणि बर्फाआधी उतरतात. मुनस्यारी ते मिलम रस्त्याचं काम बरीच वर्षं चालू आहे.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. मर्तोलीचं नंदादेवीचं देऊळ बघा, मुनस्यारीचा पांढरा राजमा खा, लोकरीचा थुलमा विकत घ्या. शेरसिंह पांगती यांनी मुनस्यारीत उभारलेल्या संग्रहालयात एक तास तरी काढा. शौकांच्या घरातली भांडी, कपडे, व्यापाराच्या पिशव्या तिथे जवळून बघता येतात.

फक्त रीलखाली 'दुर्गम' लिहिण्याआधी थोडं थांबा. डोंगर तेव्हाही एवढेच उंच होते आणि बर्फही एवढंच पडत होतं, किंबहुना जास्तच. तरी माणसं मेंढ्यांच्या पाठीवर मीठ लादून ये-जा करत होती. मिलम दुर्गम झालं ते १९६२ मध्ये.