पिढीजात ताप

घराण्यात सोने येते, शेत येते, भाऊबंदकीही येते. पण ताप वारशाने यावा, ही कल्पनाच चमत्कारिक! तरी भूमध्य समुद्राभोवतालच्या आर्मेनियन, तुर्की, अरब आणि ज्यू घराण्यांतून असा एक ताप पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. एकाएकी अंग फणफणते, पोटात कळ अशी उठते की डॉक्टरांनी अपेंडिक्स समजून पोट चिरावे, तर अपेंडिक्स धडधाकट! दोन-तीन दिवसांत मूल पुन्हा हुंदडू लागते. आम्हां मास्तरांना असली पोटदुखी फार परिचयाची. किती निष्पाप पोरे यापायी ढोंगी ठरली असतील, कोण जाणे.

१९४५ साली न्यूयॉर्कच्या डॉ. शेपर्ड सीगल यांनी या दुखण्याचे वर्णन केले आणि त्याच्या नावातच ‘सौम्य’ हे विशेषण घातले. सौम्य कसले? वारंवारच्या दाहाने एक प्रथिन मूत्रपिंडांत साचत जाई आणि ऐन उमेदीत माणूस जाई. १९७२ मध्ये बोस्टनच्या डॉ. स्टीफन गोल्डफिंगर यांना गाउटवरचे जुने औषध, कोल्चिसिन, इथे लागू पडताना दिसले. आपल्या रानातल्या विषारी कळलावीत हेच द्रव्य असते.

मूळ दोष सापडला १९९७ साली. दोन संशोधक-पथकांनी एकाच वेळी एकच जनुक हुडकले आणि बारसे मात्र दोनदा झाले! एकाने ‘अग्नी’ या ग्रीक शब्दावरून ‘पायरिन’ म्हटले, फ्रेंचांनी रोमनांच्या ‘आपल्या समुद्रा’वरून ‘मरेनॉस्ट्रिन’. टिकले पहिले. पायरिन म्हणजे पांढऱ्या पेशींतला रखवालदार. जंतूच्या विषाने पेशीत बिघाड झाला की तो आरोळी ठोकतो आणि दाह पेटतो. बहुधा आईबापांकडून एकेक सदोष प्रत मिळालेल्या मुलात मात्र तो चोर नसतानाही ओरडतो.

मग असे घातकी जनुक नामशेष का झाले नाही? काही समाजांत तर दर पाच-सहा माणसांत एकजण त्याची एक प्रत बाळगून असतो, आणि सहसा ठणठणीत असतो. २०२० साली डॉ. डॅनियल कॅस्टनर यांच्या पथकाने याचे उत्तर सुचवले: प्लेग! १८९६ साली मुंबई ओस पाडणारा तोच प्लेग. त्याचा जंतू एका प्रथिनाने या रखवालदाराचे तोंड दाबतो. बदललेल्या रखवालदारावर ती मात्रा नीट चालत नाही. असे जनुक घातलेले उंदीर प्लेगमधून अधिक संख्येने वाचले. ५४२ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये प्रेते पुरायला जागा उरली नव्हती, तेव्हा हे जनुक त्या मुलखात आधीच पोहोचलेले होते.

त्याच शहरात, आजच्या इस्तंबूलमध्ये, दोन्ही प्रती वाट्याला आलेले मूल रोज कोल्चिसिनची गोळी घेते आणि शाळेत जाते. गोळी मात्र जन्मभराची.