बुटीबोरी : फाट्यावर वाढलेले गाव
नागपूरच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवर, हैदराबादच्या जुन्या मार्गाला जेथे वर्ध्याचा फाटा फुटतो, तेथे बुटीबोरी वसले आहे. मूळ नाव बोरी. नागपूरच्या बुटी या मालगुजार घराण्याचे नाव त्यास जोडले गेले. १८६७ साली नागपूरला पोहोचलेला लोहमार्गही येथूनच गेला. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ७ आता ४४ म्हणून ओळखला जातो. तुळजापूरहून यवतमाळ-वर्धामार्गे येणारा ३६१ त्यास येथे मिळतो.

फाट्यामुळे बाजार वाढला, औद्योगिक वसाहत आली, दूरदूरचे कामगार स्थिरावले, नगर परिषदही झाली. परंतु ज्या रस्त्याने भाकरी दिली, त्यानेच गाव दुभागले. रात्रपाळीहून पायी परतणारा कामगार रस्त्यापलीकडे सुखरूप पोहोचावा, हीच अशा गावाच्या प्रगतीची कसोटी आम्ही मानतो.