पुस्तकांसाठी चोरी करणारा श्याम आणि आपल्या शेजारचं अमळनेर



माझी भाची बी.एड. करते आहे. परवा पापड लाटता लाटता सहज म्हणाली, "मावशी, मी परीक्षेपुरतंच वाचते गं. बाकी वाचायचा कंटाळा येतो." थोड्या दिवसांनी हीच मुलगी वर्गासमोर उभी राहणार! मी तेव्हा गप्प बसले, पण मनात अमळनेर आलं. पारोळ्याहून एस.टी.त बसलं की तासाभरात येतं ते. तिथे शिकवून गेलेल्या एका मास्तरांचं वाचन कसं होतं, ते तिला सांगायचं होतं. आधी तुम्हाला सांगते.

पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे आपले साने गुरुजी. जन्म २४ डिसेंबर १८९९, कोकणात पालगडला. घराणं खोताचं, पण परिस्थिती पार खालावलेली. 'श्यामची आई'त 'मोठा होण्यासाठी चोरी' असं एक प्रकरण आहे. मोठी माणसं खूप वाचतात, आपणही वाचलं तर मोठे होऊ, असं श्यामच्या मनानं घेतलेलं. पुस्तकं घ्यायला पैसे नाहीत, म्हणून तो चक्क पैसे चोरतो. शेवटी आईपुढे कबूल करतो. शाळेत असताना मी हे वाचलं, तेव्हा मला फक्त चोरी दिसली होती. अचौर्य व्रत आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं ना! आता वाचताना चोरी चूकच वाटते, पण त्या पोराची पुस्तकांची भूक पाहून पोटात कालवतं.

पुढे दापोली, औंध, पुणे असं शिक्षण झालं, तेही पैशांच्या ओढाताणीत. १९१७ मध्ये आई गेली. इतकं होऊनही वाचन सुटलं नाही.

गंमत म्हणजे अमळनेरला ते शिक्षक व्हायला आलेच नव्हते. श्रीमंत प्रताप शेठजींनी तिथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं होतं, तिथे ते अभ्यासाला आले. नुसतं वाचायचं, चिंतन करायचं. वाचणाऱ्याला आणखी काय हवं? पण तिथे त्यांचा जीव रमला नाही. १९२४ मध्ये ते प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि वसतिगृहाचं कामही त्यांच्याकडे आलं. मला वाटतं, त्यांच्या वाचनाला खरी वाट इथे मिळाली. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचं दैनिक काढायचे. छापलेलं नाही हं, हातानं लिहिलेलं! आपण वाचलेलं, सुचलेलं त्यात मुलांसाठी उतरवायचं. ज्याला लहानपणी पुस्तक मिळत नव्हतं, तो आता मुलांना रोज वाचायला देत होता. आपल्याकडे स्वाध्यायाला अभ्यंतर तप म्हणतात, आणि त्याच्या प्रकारांत वाचनाबरोबर धर्मकथा, म्हणजे दुसऱ्याला सांगणंही येतं. मला तेच आठवलं.

१९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. सहाच वर्षांची मास्तरकी! वाचन मात्र तुरुंगातही चालूच. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ते तमिळ शिकले आणि तिरुवल्लुवरांच्या 'कुरळ'चा मराठी अनुवाद केला. हा ग्रंथ एका जैन आचार्यांचा, असं आपल्या परंपरेत मानतात. विद्वानांत त्यावर मतभेद आहेत, तो वाद इथे नको. पण अहिंसेवर आणि मांस न खाण्यावर त्यात स्वतंत्र अध्याय आहेत, हे आपल्याला जवळचं वाटेल. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली. ती १८ प्रवचनं गुरुजींनी भराभर उतरवून घेतली, म्हणून तर 'गीता प्रवचने' आज आपल्या हातात आहे. आणि 'श्यामची आई' लिहिली फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत.

हे सगळं मी भाचीला काल सांगितलं. चोरीच्या गोष्टीवर ती हसली. तुरुंगाचं ऐकताना तिचं लक्ष मोबाइलमध्ये होतं, खोटं कशाला बोलू. मग मध्येच म्हणाली, "मावशी, ते दैनिक रोज हातानं लिहायचे? पूर्ण?"

म्हटलं, "हो."

"मुलं वाचायची?"

"वाचायची म्हणून तर लिहायचे ना."

'श्यामची आई' तिच्या पिशवीवर काढून ठेवली होती. आज सकाळी ती धुळ्याला गेली. पुस्तक इथे दिसत नाही. नेलं असेल, नाहीतर कपाटात परत ठेवलं असेल. अजून पाहिलं नाही मी.