‘सैरंध्री’ आणि रंगाचा निकष

रंगीत चित्रपटात रंग योग्य उतरला की नाही हे कोणी व कशावर पाहून ठरवावयाचे, हा प्रश्न यंत्राहूनही अवघड होय. कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३३ साली ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचे धाडस केले; रंगीत प्रतींकरिता व्ही. शांताराम जर्मनीस गेले. द्विपट पद्धतीत कॅमेऱ्यात दोन फिल्मी एकमेकींस चिकटून धावत. पुढची निळा-हिरवा प्रकाश टिपी, मागची तांबडा. या दोन रंगांतून शुद्ध पिवळा निघत नाही. आणि पौराणिक चित्रपटात तर पीतांबर व सुवर्णालंकार पदोपदी! रंग मनाजोगते उमटले नाहीत. वेषभूषा कोल्हापुरी डोळ्यांनी पारखलेली. निकाल मात्र परदेशच्या प्रयोगशाळेत लागला.

शांतारामांचा ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) टेक्निकलरमध्ये निघाला. तेथे रंग तीन होते.

आज हा निवाडा संदर्भ-मॉनिटरवर होतो. साध्या संदर्भ-मॉनिटरची शुभ्रता सुमारे १०० निट धरतात, एचडीआर मॉनिटरची १,००० निट वा अधिक. चित्रगृहाच्या पडद्याची मात्र अवघी ४८. म्हणून समईची ज्योत मॉनिटरवर लखलखते तशी पडद्यावर लखलखत नाही, आणि चित्रगृहाकरिता रंगसंस्करण निराळे करावे लागते. पूर्वीच्या व्हिडिओ-संकेतात तेज सापेक्ष असे. २०१४ साली प्रमाणित झालेल्या पीक्यू वक्रात प्रत्येक संकेतमूल्यास ठराविक निट नेमून दिलेले आहेत.