गळालेल्यांची नोंद
डेटाबेसमध्ये जी ओळ कधी भरलीच नाही, ती गहाळ आहे हे कुठलीही क्वेरी सांगत नाही. अमेरिकी सरकारच्या शैक्षणिक सर्वेक्षणांचा इतिहास वाचताना मला हेच आठवत राहिलं.

१९७२ साली तिथे बारावीतली मुलं निवडून पुढे १९८६पर्यंत त्यांचं शिक्षण, नोकरी, संसार यांचा माग ठेवला गेला. पण बारावीआधीच शाळा सुटलेली मुलं त्यात आलीच नव्हती. १९८० साली ‘हायस्कूल अँड बियाँड’ सुरू झालं, तेव्हा हजारावर शाळांतून बारावीसोबत दहावीचीही मुलं घेतली. एकूण सुमारे ५८ हजार. १९८२मध्ये त्यांतल्या शाळा सोडलेल्यांनाही शोधून प्रश्न विचारले. दहावीच्या त्या तुकडीला पुढे १९९२पर्यंत, आणि मग पन्नाशीच्या उंबरठ्यावर, २०१३-१४मध्येही गाठलं.

मला आमचा दहावीचा वर्ग आठवला. माझ्या बाकावरचा मुलगा निकालानंतर दिसला नाही. माझं नाव कॉलेजच्या, मग कंपनीच्या यादीत गेलं. त्याचं हजेरीपटावरच संपलं. पुढे त्याचं काय झालं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.