जलतरण तलाव, घरगुती : पाण्याची तपासणी व संतुलन

बंगला, फार्महाऊस किंवा छोट्या सोसायटीतल्या तलावाचे पाणी जंतुमुक्त राहावे, पोहणाऱ्याच्या डोळ्यांना व त्वचेला सोसावे आणि त्याने फरशीचे सांधे, पंप वा नळ खाऊ नयेत, यासाठी करायची नियमित मोजमापे व त्यांवरून ठरवलेली रसायनांची मात्रा. घरगुती तलावाचे पाणी महिनोन्‌महिने बदलत नाहीत; फिल्टरमधून तेच फिरवतात. त्यामुळे घाम, सनस्क्रीन, धूळ आणि आधी टाकलेल्या रसायनांचे अवशेष त्यात साठत जातात.

क्लोरीन व सामू : क्लोरीन पाण्यात हायपोक्लोरस आम्ल आणि हायपोक्लोराइट आयन अशा दोन रूपांत राहतो. जंतू मारण्याचे बहुतेक काम पहिले रूप करते. सामू, म्हणजे पीएच, ७.५ च्या आसपास असताना दोन्ही रूपे निम्मी-निम्मी असतात. सामू ८ झाला की पहिले जेमतेम पाव उरते. म्हणून सामू ७.२ ते ७.८ या पट्ट्यात ठेवतात आणि मुक्त क्लोरीन साधारण १ ते ३ पीपीएम (दशलक्ष भागांत इतके भाग). क्लोरीनचा उग्र वास येतो म्हणजे पाणी चोख, ही समजूत नेमकी उलटी आहे. तो वास क्लोरामाइनांचा असतो, आणि घाम व लघवीतल्या नायट्रोजनयुक्त द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग झाला की ती तयार होतात. अशा वेळी क्लोरीन कमी न करता एकदाच भरपूर द्यावा लागतो. संयुक्त क्लोरीनच्या, म्हणजे क्लोरामाइनांत अडकलेल्या क्लोरीनच्या, सुमारे दहापट मात्रा दिल्यावर क्लोरामाइने मोडतात.

तपासणी : नमुना पृष्ठभागावरून न घेता कोपरभर खोलीवरून आणि पाणी आत येणाऱ्या तोटीपासून दूर घ्यावा. आपल्याकडच्या स्वस्त टेस्ट किटमध्ये बहुधा ऑर्थोटोलिडीन असते. त्याने पाणी पिवळे होते, पण एकूण क्लोरीन कळतो. त्यातला मुक्त किती आणि संयुक्त किती, हे कळत नाही. ए. टी. पेलिन यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या डीपीडी पद्धतीत दोन्ही वेगळे मोजता येतात. रंग गुलाबी येतो. या पद्धतीत एक फसगत ठरलेली आहे. क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग क्षणभर उमटून उडून जातो, नळी पाण्यासारखी स्वच्छ दिसते आणि ‘क्लोरीन शून्य’ समजून माणूस आणखी पावडर ओततो. सामूसाठी वापरायच्या फिनॉल रेडलाही जास्त क्लोरीन चालत नाही. रंग जांभळट होतो आणि सामू आहे त्याहून बराच चढा वाटतो. क्लोरीन मोजताना शंका आल्यास नमुना क्लोरीनरहित शुद्ध पाण्याने पातळ करून पुन्हा पाहावे. कागदी पट्ट्या सोयीच्या खऱ्या, पण कोकणातल्या दमट हवेत डबी उघडी राहिली की त्यांचा भरवसा धरू नये.

सायन्युरिक आम्ल : मोजमापांतले हे सर्वांत दुर्लक्षित, आणि घरगुती तलावाच्या बहुतेक तक्रारींचे मूळ. उघड्या तलावातला निम्मा क्लोरीन कडक उन्हात तासाभराच्या आत नाहीसा होतो. सायन्युरिक आम्ल त्याला धरून ठेवते. ३० ते ५० पीपीएम पुरेसे होते. बाजारात टीसीसीए-९० नावाने मिळणाऱ्या गोळ्यांत मात्र हे आम्ल मुळातच असते. त्यांतून १ पीपीएम क्लोरीन मिळाला की ०.६ पीपीएम सायन्युरिक आम्लही पाण्यात उतरते. रोज २ पीपीएमचा हिशेब धरला तर महिन्याला ३६ पीपीएम, तीन महिन्यांत शंभराच्या वर. क्लोरीन उडतो, हे आम्ल उडत नाही. मग किटमध्ये क्लोरीन व्यवस्थित दिसतो, पण तो जखडलेला असतो आणि भिंतीला शेवाळ धरते. केअरटेकर गोळ्या वाढवतो, म्हणजे दुखणेही वाढवतो. याची चाचणी सोपी आहे : नमुन्यात मेलामाइनचे द्रावण मिसळले की तो गढुळतो, नळीच्या तळाचा काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत मिश्रण भरत जायचे आणि पातळीवरचा आकडा वाचायचा. आकडा चढलेला निघाल्यास काही पाणी काढून नवे भरणे हाच व्यवहार्य उपाय.

अल्कता व जडपणा : अल्कता ८० ते १२० पीपीएम असली की सामू एकदम हेलकावे खात नाही. जडपणा २०० ते ४०० पीपीएम असावा. देशावरच्या काळ्या कातळातले बोअरचे पाणी मुळातच जड. त्याने फरशीवर पांढरे पुट चढते. कोकणात जांभ्याच्या पट्ट्यात विहिरीचे पाणी बहुधा मऊ व किंचित आम्लधर्मी असते. ते सिमेंटच्या सांध्यांतला चुना ओढून घेते. पाणी पुट चढवणारे की झिजवणारे, हे विल्फ्रेड लँगेलियर यांनी १९३६ मध्ये मांडलेल्या निर्देशांकावरून ठरवतात.

मात्रा : हजार लिटरला १ ग्रॅम म्हणजे १ पीपीएम. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद व सरासरी १.४ मीटर खोल तलावात सुमारे ४५,००० लिटर पाणी मावते. त्यात १ पीपीएम क्लोरीनसाठी टीसीसीए-९० सुमारे ५० ग्रॅम लागते, तर ३३ टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर सुमारे १३५ ग्रॅम. पावडर बादलीत कालवून, गाळ बसू देऊन वरची निवळीच ओतावी. अल्कता १० पीपीएमने वाढवायला याच तलावाला पाऊण किलो खाण्याचा सोडा लागतो. सामू उतरवायला हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात; पंप चालू ठेवून ते थोडे थोडे घालावे. आम्ल पाण्यात घालायचे, आम्लात पाणी नव्हे. ब्लीचिंग पावडर आणि आम्ल एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो. टीसीसीए व कॅल्शियम हायपोक्लोराइट एकाच डब्यात मिसळल्यास आग लागू शकते. दोन्हींसाठी मापेही वेगळी ठेवावीत. शेवाळावर मोरचूद टाकण्याची पद्धत फार्महाऊसांवर आढळते. त्यातल्या तांब्याने भिंतींवर डाग पडतात.

पावसाळा : लोणावळ्यात वर्षाला चार मीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तलाव जेमतेम दीड मीटर खोल. पाणी सांडत राहते, उन्हाळाभर साठलेले सायन्युरिक आम्ल फुकटात धुऊन जाते. पण त्याबरोबर अल्कता आणि जडपणाही जातात. पुण्याच्या पूर्वेकडे ही सोय नाही, आणि टँकरचे पाणी महाग म्हणून मे महिन्यात तलाव कोणी उपसत नाही. तिथे मार्चपासूनच गोळ्यांऐवजी ब्लीचिंग पावडरची निवळी वापरणे परवडते. पाऊस उघडल्यावर आधी सोड्याने अल्कता वर आणावी, दुसऱ्या दिवशी सामू पाहावा आणि मगच क्लोरीनची मात्रा ठरवावी.