रेड कंट्रोलरचा लेखनवेग

अनेक हार्ड डिस्क एकत्र जोडून त्या संगणकाला एकच डिस्क म्हणून दाखवणारे स्वतंत्र कार्ड म्हणजे हार्डवेअर रेड कंट्रोलर. रेडची, म्हणजे अशा जोडणीची, कल्पना पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी 1988 मध्ये बर्कली विद्यापीठातून मांडली.

रेड-5 या प्रकारात वाचन जलद, पण लेखन संथ असते. छोटासा बदल करायचा तरी आधी जुना डेटा व जुनी पॅरिटी (डिस्क बिघडल्यास डेटा परत मिळवून देणारी जोडमाहिती) वाचावी लागते, मग नवा डेटा व नवी पॅरिटी लिहावी लागते. एका लेखनामागे डिस्कची चार कामे. चार डिस्क आणि प्रत्येकीवर 64 केबीचा तुकडा असेल, तर 192 केबीचा पूर्ण पट्टा (डेटाचे तीन तुकडे; चौथा पॅरिटीचा) एकदम लिहिल्यास आधीचे वाचन टळते. सतत बारीक नोंदी होणाऱ्या डेटाबेससाठी डेटाच्या दोन प्रती ठेवणारे रेड-10च घ्यावे. तेथे दोन लेखनांत काम भागते.

सर्वांत मोठा फरक पडतो तो राइट-बॅक कॅशेने. डेटा कार्डावरील मेमरीत पोचताच कंट्रोलर लेखन झाल्याचे कळवतो. वीज गेली, तर ही मेमरी बॅटरी जपते. बॅटरी निकामी झाली की बहुतेक कंट्रोलर आपोआप राइट-थ्रूवर (डेटा डिस्कवर लिहून झाल्यावरच तसे कळवण्याच्या पद्धतीवर) येतात, सर्व्हर एकाएकी मंदावतो आणि संशय मात्र डिस्कवर घेतला जातो. लिथियम बॅटरी उष्णतेने लवकर झिजते. उदाहरणार्थ, बीड जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा 40 अंशांपुढे जातो; तेथे सर्व्हरची खोली थंड ठेवणे व बॅटरी वेळोवेळी तपासणे अत्यावश्यक आहे. बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर व फ्लॅश असलेले कार्ड अधिक भरवशाचे. बॅटरीविना राइट-बॅक सक्तीने चालू ठेवण्याचा पर्याय अनेक कार्डांत असतो. महत्त्वाच्या डेटासाठी तो कधीही वापरू नये.